वन्संची खोली आणि दाढीचा फेस

वन्सं,

आता तुम्हाला मध्येच तोंड घालता येणार नाही, म्हणून एकदाचं सगळं नीट, क्रमानं सांगून घेते. तुमच्या खोलीची गोष्ट तुम्ही जन्मभर सांगितलीत आणि दर वेळी वेगळी सांगितलीत. कधी मेट्रनबाई रागानं लालबुंद झालेल्या असायच्या, कधी हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असायचं. एकदा तर माझ्यासमोर माझ्याच सुनेला सांगितलंत की मी त्या दिवशी तिथे नव्हतेच. मी होते. माझ्या नखांतलं तपकिरी पॉलिश आठवडाभर निघालं नव्हतं आणि शाळेत मुली एकमेकींना कोपरानं ढोसून विचारत होत्या, "विज्ञानाच्या बाईंनी जोडधंदा काढला की काय?"

तुमची खोली आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, हे सांगायला नकोच. तुमचा भाऊ दारात उभा राहतो, एक उसासा टाकतो आणि "तूच बघ गं" म्हणून जिना उतरतो. म्हणून मी एकटीच, तुमच्या त्याच खुर्चीवर, एका बुटाच्या खोक्याचं झाकण मांडीवर घेऊन लिहिते आहे. लिहायला पाटी म्हणून झाकण बरं पडतं. बघा, तुमची लागण मलाही झाली.

मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा घर दोन खोल्यांचं होतं आणि तुम्ही त्या दोन खोल्यांच्या मधल्या बोळात घडीच्या खाटेवर झोपत होता. पायाशी शिवणाचं मशीन, उशाशी छत्र्या. रात्री कुणाला पाणी प्यायचं असलं तरी तुमच्यावरून ओलांडून जावं लागे. दिवसभर तुम्ही चपला-बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसायच्या आणि घरी आलात की लोकांचे पाय तुमच्यावरून जायचे. हे वाक्य तुमचंच. तुम्ही ते हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या मात्र वारंवार.

दुकानातल्या कामात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकतं न टाकतं तोच तुम्ही त्याचा नंबर सांगायच्या, आणि कुठलं बोट बुटाला टोचतंय तेही. नवा बूट चालताना कुरकुरतो म्हणून कुणी भांडायला आलं, तर आतला तळ उचलून चिमूटभर टाल्कम पावडर टाकायच्या, कुरकुर बंद. बूट घट्ट झाला तर जाड मोजा घालून बूट चढवायला लावायच्या आणि वरून केस वाळवायचं यंत्र फिरवायच्या. मालक म्हणायचा, "बाई, तुम्ही बूट विकायला आहात की वाचवायला?" तुम्ही म्हणायच्या, "मी पायांच्या बाजूची."

दुकानातून पगाराखेरीज जे काही तुम्ही घरी आणायच्या, त्यावरूनच आपली भांडणं व्हायची. बुटांची खोकी. खोक्यांतला चुरगळलेला कागद. ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या त्या इवल्या पुड्या, ज्या तुम्ही सुयांच्या डबीत, फोटोंच्या अल्बममध्ये आणि एकदा माझ्या पर्समध्ये टाकल्यात. जोडीदार हरवलेले पुरुषी मोजे. वाकडा झालेला शूहॉर्न, ज्यानं तुम्ही गादीखाली चादर खोचायच्या, आणि खरं सांगते, तशी ताठ चादर मी पुढे कुठल्या हॉटेलातही पाहिली नाही.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. तुम्ही मला नावानं कधी हाक मारलीच नाहीत. "ए बीएस्सी!" बोळातून आरोळी यायची. "ही दातांची पेस्ट कशाची बनते गं?"

"दात घासण्यासाठी बनते."

"कशाची विचारलं, कशासाठी नाही विचारलं."

मग मी सांगायची, की तिच्यात बारीक खडूसारखी पूड असते, ती घासून डाग काढते. बस्स, तेवढं तुम्हाला पुरायचं. संध्याकाळपर्यंत नळ, चमचे, इस्त्रीचा तळ, मुलांच्या पांढऱ्या बुटांच्या कडा, सगळं पेस्टनं घासून चकचकीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूब चपटी.

"डब्यावर जे लिहिलेलं असतं ना," तुम्ही म्हणायच्या, "ते त्या वस्तूचं शिक्षण. स्वभाव वेगळा असतो. आता तुझंच बघ."

तुमचं सगळं बरोबर असायचं असं मी मेले तरी म्हणणार नाही. बाल्कनीतल्या रोपाच्या पानांना तुम्ही डोक्याचं तेल चोळलंत, पानं आरशासारखी चमकली आणि महिन्याभरात रोप चमकत चमकत मेलं. भाजलेल्या बोटाला पेस्ट लावायला धावायच्या तेव्हा मी तुमचा हात अक्षरशः पिरगाळून गार पाण्याच्या नळाखाली धरलेला आहे. आणि माझा नवा चष्मा. काच पुसून देते म्हणालात आणि पेस्टनं घासलात. त्यानंतर मला सगळं जग धुक्यात दिसायला लागलं. वर्गात मागच्या बाकावर कोण आहे ते दिसेना. मी घरी येऊन चष्मा तुमच्या पुढ्यात आपटला आणि जे बोलायचं ते बोलले. तुम्ही चष्मा डोळ्यांना लावून इकडेतिकडे पाहिलंत.

"काही वाईट नाही दिसत गं. माणसं जरा मऊ दिसतात."

त्या दिवशी तुमचा भाऊ म्हणाला, "तुम्ही दोघी एका छताखाली राहिलात तर मी तिसरीकडे राहायला जातो." रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसताना तुम्ही मला हळूच म्हणालात, "बीएस्सी, मला रुसून कुठे जायचं नाही. पण मला एक दार हवंय. आतून कडी लागणारं. माझं वय चाळिशीच्या पुढे गेलं आणि मी आजवर एकदाही आतून कडी लावून झोपले नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी खोल्या शोधायला लागले. ते तुमच्या प्रेमापोटी की माझ्या चष्म्यापोटी, हे विचारू नका.

खोली मिळाली ती मेट्रनबाईंच्या घराच्या वर. मेट्रनबाई म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. उंच, काटकुळ्या, आवाज असा की त्यांनी "बसा" म्हटलं की उभी असलेली छत्रीसुद्धा बसावी. बोलताना समोरच्याच्या गालाकडे बघायच्या. ताप आहे का ते पाहत असाव्यात. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, रस्त्याकडे उघडणारी पट्ट्यांची खिडकी आणि लागून बाथरूम. टेबल आणि खुर्ची त्यांच्या वडिलांनी हातानं केलेली.

"तीन महिने बघेन," त्या म्हणाल्या. "मग ठरवेन. भिंतीला खिळा नाही. टेबलावर गरम भांडं नाही. आणि पुरुष नाही."

"भाऊ येईल कधीमधी," तुम्ही म्हणालात.

"भाऊ खुर्चीवर बसेल. चहा पिईल. जाईल."

तुम्ही एवढ्या जोरात मान हलवलीत की मला वाटलं निखळते.

पहिल्या रात्री तुम्ही कडी लावलीत, काढलीत, पुन्हा लावलीत. हे तुम्हीच मला सांगितलंत, दुसऱ्या दिवशी, माझ्या शाळेच्या फाटकाशी मुद्दाम येऊन. "कडी जरा कुरकुरत होती, मेणबत्ती घासली. आता अशी सरकते बघ, लोण्यातून सुरी." तुमचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. सांगायला लाज वाटत नाही, मला तुमचा हेवा वाटला. मलाही आतून कडी लागणारं दार नव्हतं.

तीन महिने सरत आले तशी तुमची स्वारी आमच्याकडे यायची कमी झाली. मला वाटलं, सुखात आहेत, राहू दे. मग एका शनिवारी दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर तुमचा निरोप आला: बीएस्सीला म्हणावं ताबडतोब ये, येताना पेस्टची मोठी ट्यूब आण, पांढरी, रंगीत पट्ट्यांची नको.

मी आले. दार उघडलंत आणि मी जागच्या जागी थिजले. एक अख्खी भिंत बुटांच्या खोक्यांनी भरली होती. खोकी आडवी करून खिळ्यांनी ठोकलेली, कपाटाच्या कप्प्यांसारखी. एकात टॉवेल, एकात कंगवे, एकात कांदे. दिसायला, खोटं कशाला बोलू, झकास दिसत होतं.

"वन्सं, खिळे?"

"बारीक आहेत गं."

"ठोकले कशानं?"

"बुटाच्या टाचेनं. मेट्रनबाई बाजारात जातात तेव्हा."

"आणि टेबलावर हे काय?"

टेबलाच्या मधोमध पातेल्याच्या बुडाएवढा पांढरा गोल उमटला होता आणि त्याच्या शेजारून एक लांब ओरखडा. तुम्ही पदार्थविज्ञानाचा प्रश्न न येणाऱ्या मुलीसारख्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिलात.

"उद्या सकाळी बघायला येणार आहेत," तुम्ही म्हणालात. आणि मग अगदी बारीक आवाजात, "बीएस्सी, मला परत बोळात नाही गं यायचं."

पुढची सगळी दुपार आपण गाढवासारख्या राबलो. खोकी उतरवली, खिळे उपटले. भिंत चाळणीसारखी झाली होती. तुम्ही बोटानं एकेका भोकात पेस्ट भरत पुढे आणि मी जुन्या पोस्टकार्डाच्या कडेनं ती सपाट करत मागे. टेबलावरचा पांढरा गोल पेस्टनंच हलके घासून घालवला; मला मान्य करावं लागलं की तो गेला. ओरखड्यात तुम्ही तपकिरी बूट पॉलिश भरलंत आणि कापडानं घासलंत. ओरखडा दिसेना. मग तुम्हाला रंगच इतका आवडला की अख्ख्या टेबलाला लावलंत, आणि टेबल नवं दिसायला लागल्यावर शेजारची खुर्ची म्हातारी दिसायला लागली.

"खुर्ची राहू द्या," मी म्हटलं. "पॉलिश घासघासून पुरतं मुरवलं नाही तर कपड्याला लागतं."

"मी बुटांच्या दुकानात आहे की तू?"

बसायची फळी तुम्ही घासलीत, ती मी पाहिली. पाठ घासायच्या वेळी आपण दोघी खिडकीशी उभ्या राहून आपल्या कर्तबगारीकडे पाहत होतो. तेवढंच चुकलं.

रविवारी सकाळी मेट्रनबाई आल्या त्या मोतिया रंगाचा नवा कोरा ड्रेस घालून, हातावर स्वेटर टाकून. हॉस्पिटलात त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा निरोपसमारंभ होता, तिकडे जाता जाता खोली बघणार होत्या. दारातच थांबल्या. नाक वर केलं.

"इथे दात कोण घासतंय?"

"मी," तुम्ही म्हणालात. "आत्ताच घासले."

"किती दात आहेत तुम्हाला?"

मी खोकल्याचं सोंग केलं. खोलीला खरोखरच तसा वास येत होता, जणू एखादा राक्षस सकाळी आन्हिकं उरकून नुकताच बाहेर गेलाय. पण मेट्रनबाई पुढे झाल्या. भिंतीवरून तळहात फिरवला. दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. पलंगावरची चादर पाहून थबकल्या.

"हे कोपरे कुणी केले?"

"मी. शूहॉर्ननं."

"माझ्या मुलींना वर्षवर्ष शिकवून हे जमायचं नाही." त्या खुर्चीवर बसल्या. पाठीला पाठ टेकून, ऐसपैस. तुम्ही चहा दिलात. त्यांनी बशी टेबलावर ठेवताना टेबलावर एकदा नजर टाकली, आणि त्यांचा चेहरा किंचित सैल झाला. मला वाटलं, सुटलो.

मग त्या स्वेटर अंगात चढवून, निघण्याआधी हात धुवायला बाथरूममध्ये गेल्या. आणि बाहेर आल्या त्या एका हातात दाढीच्या फेसाचा डबा आणि दुसऱ्या हातात दाढीचं पातं घेऊन.

"हे कोणाचं?"

वन्सं, तुम्ही गोंधळलात त्या भीतीनं नव्हे. तुम्हाला खरंच कळत नव्हतं की यात विचारण्यासारखं काय आहे. "माझंच," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही दाढी करता?"

"छे हो! आरशाला लावते."

मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "तुम्ही नातेवाईक. तुम्ही बोलू नका." मग पुन्हा आत गेल्या आणि दोन मोजे चिमटीत धरून घेऊन आल्या. "आणि हे? एक काळा, एक तपकिरी."

"त्यांना जोडी नाहीये."

"मालकाला तरी आहे का? दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालणारा हा कोण महाभाग आहे?"

तेव्हा कुठे तुमच्या डोक्यात प्रकाश पडला. आधी तुम्ही लाजलात. मग, माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच, तुम्ही चिडलात. "या माझ्याबरोबर," म्हणालात आणि मेट्रनबाईंना, त्या मेट्रनबाईंना, मनगटाला धरून बाथरूममध्ये नेलंत. अर्ध्या आरशाला फेस चोळलात, कोरड्या कापडानं पुसलात आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडलात. आत वाफच वाफ. मी दारातून पाहत होते: आरशाच्या एका अर्ध्यात धुकं आणि दुसऱ्या अर्ध्यात मेट्रनबाईंचं स्वच्छ, लांबुडकं, चक्रावलेलं तोंड.

मग मोजे दोन्ही हातांत चढवून तुम्ही खिडकीच्या पट्ट्या एका झटक्यात वरून-खालून पुसून दाखवल्यात. मग पातं घेतलंत आणि म्हणालात, "हात पुढे करा." त्यांनी केला. बाईला जन्मभर दुसऱ्यांना हात पुढे करायला सांगायची सवय, पण केला. त्यांच्या स्वेटरच्या बाहीवर लोकरीच्या गोळ्या आल्या होत्या. तुम्ही पातं असं हलकं फिरवत गेलात की गोळ्या टपाटप खाली. बाही नव्यासारखी.

"आणि हे?" मेट्रनबाई अजून पुरत्या वितळल्या नव्हत्या. त्यांनी खिडकीतून तपकिरी पॉलिशची डबी उचलली. "तुमचे बूट तर काळे."

इथे तुम्ही अडखळलात. कारण या डबीचा दुसरा उपयोग सांगायचा म्हणजे टेबलाचा ओरखडा सांगायचा.

"त्या बुटांच्याच दुकानात असतात ना," मी पटकन म्हटलं. "दुकानातली डबी."

मेट्रनबाईंनी डबी खाली ठेवली. थोडा वेळ तुमच्याकडे, मग चादरीच्या कोपऱ्यांकडे पाहिलं. "विचित्र बाई आहात," त्या म्हणाल्या. "पण स्वच्छ आहात. राहा. माझी हरकत नाही."

तुम्ही माझा हात एवढा घट्ट धरलात की बांगडी रुतली. मेट्रनबाई वाफेनं उकडलं म्हणून स्वेटर काढून, पर्स घेऊन दाराकडे वळल्या.

आणि त्यांची पाठ आपल्याला दिसली.

खुर्चीच्या पाठीला पाच उभ्या पट्ट्या आहेत. त्या पाचही, वरच्या नक्षीसकट, त्या मोतिया ड्रेसवर छापून निघाल्या होत्या. जणू खुर्ची उठून त्यांच्याबरोबर समारंभाला निघाली होती.

मी तुमच्या कानात म्हटलं, "गप्प बसा." मी आजही तेच म्हणेन. बाई जिना उतरून गेल्या असत्या, खोली तुमची झाली होती, पुढचं पुढे. डाग कुठेही लागू शकतो. बस आहे, बाक आहेत, जगात खुर्च्या का थोड्या आहेत?

"अगं, पण तिथे सगळ्या तिच्या हाताखालच्या मुली असतील," तुम्ही कुजबुजलात. "मागून हसतील तिला."

"हसू देत!"

"मेट्रनबाई!" तुम्ही जिन्याच्या तोंडाशी ओरडलात. "थांबा! तुमच्या पाठीला माझी खुर्ची लागलीय!"

त्या वर आल्या. पुढे काय झालं ते म्हणजे स्वेटरचा एक धागा ओढावा आणि अख्खी बाही हातात यावी तसं. खुर्चीला काय लावलं? पॉलिश. का? टेबलाला लावलं म्हणून. टेबलाला का? ओरखडा होता म्हणून. आणि तो वास? तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, एकदा कडीकडे, आणि म्हणालात, "बाई, इथे पुरुष कुणी नाही. भोकं आहेत."

"काय आहेत?"

"भोकं. भिंतीला. पेस्टनं बुजवलीत."

मेट्रनबाई भिंतीपाशी गेल्या, वाकल्या, एका ठिकाणी नख लावलं, नख नाकाशी नेलं. बाहेर एक फेरीवाला ओरडत गेला.

"आधी हा ड्रेस," त्या म्हणाल्या. "नंतर तुमचं बघते."

तुम्ही त्यांना तुमचा फुलाफुलांचा गाऊन दिलात. तुम्ही बुटक्या आणि रुंद, त्या उंच आणि अरुंद. गाऊन त्यांच्या गुडघ्यांशी संपला आणि कमरेत आणखी एक मेट्रन मावली असती. त्या तशा गाऊनमध्ये पलंगावर ताठ बसल्या आणि आपण दोघी बादलीपाशी भांडायला लागलो.

"स्पिरिट हवं," मी म्हटलं. "रंग स्पिरिटनंच सुटेल."

"दाढीचा फेस!"

"तुम्हाला सगळ्याला फेसच सुचतो."

"आणि तुला सगळ्याला पुस्तक!"

"दोघी चूक," पलंगावरून आवाज आला. "आधी पावडर टाका, मेण शोषून घेऊ दे. माझ्या वॉर्डात यापेक्षा वाईट डाग रोज निघत होते. सरका." आणि मेट्रनबाई गुडघ्यापर्यंतच्या गाऊनमध्ये खाली उकिडव्या बसल्या. तिघी मिळून आपण आधी पावडर, मग स्पिरिट, मग तो तुमचा फेस, असं सगळं केलं आणि नेमकं कशानं निघालं यावर तुम्ही दोघी पुढे जन्मभर भांडलात. मी सांगते: स्पिरिटनं. शेवटी बूट सैल करायच्या तुमच्या त्या यंत्रानं ड्रेस वाळवला. मधल्या पट्टीची फिकट सावली तेवढी राहिली. मेट्रनबाईंनी वरून स्वेटर घातला, गोळ्या काढलेला, आणि समारंभाला उशिरा का होईना, गेल्या.

जाताना दारात वळल्या. तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होता, भोकं झाकल्यासारख्या. तुमचा चेहरा मला बघवत नव्हता.

"वडील गेल्यापासून इथे चार भाडेकरू झाले," मेट्रनबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी भोकं कॅलेंडरखाली लपवली आणि निघून गेले. बुजवायची बुद्धी एकालाही झाली नाही. पण पेस्ट ही दातांना, कळलं? भोकं बुजवायची लांबी मिळते, ती आणा दुकानातून आणि भिंत नीट भरा. तोवर मी काही पक्कं सांगत नाही. तोवर तुमची परीक्षा चालू."

"आणते," तुम्ही म्हणालात. "म्हणजे ही आणेल. हार्डवेअरचं दुकान हिच्याच रस्त्यात आहे."

"मी आणेन," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी विसरले. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, राहू दे, आज मेट्रनबाई चहाला येणार आहेत. मग पावसाळा होता, ओल्या भिंतीत लांबी धरत नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. मग माझी बदली झाली. पेस्ट वाळून आत ओढली गेली की तुम्ही वर्षातून एकदा नव्यानं भरायच्या आणि मला सांगायच्या, "आज भिंतीचे दात घासले." मेट्रनबाई जिन्यातून विचारायच्या, "लांबी आली का?" तुम्ही वरून सांगायच्या, "बीएस्सी आणणार आहे!" त्या म्हणायच्या, "मग परीक्षा चालू." आणि वर येऊन तुमच्या खुर्चीवर बसायच्या, बसायच्या आधी मात्र पाठीवरून बोट फिरवून बघायच्या. तो मोतिया ड्रेस त्यांनी घरात घालायला काढला आणि त्यावरची पट्टी दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायच्या, "ही आमची वरची भाडेकरू. अजून कच्ची आहे."

तुमचे केस पांढरे झाले, दुकान गेलं, मेट्रनबाई गेल्या, तुम्ही कच्च्याच राहिलात.

आज मी खोकी बांधली. मोज्यांचं गाठोडं केलं. दाढीच्या फेसाचे दोन डबे निघाले, एक न उघडलेला. तो मी घेतला, उगाच बोलू नका, माझ्याही आरशावर वाफ धरते. कडी लावून बघितली. अजून लोण्यातून सुरी. थोडा वेळ तशीच आतून लावून बसले. बरं वाटलं.

मघाशी मेट्रनबाईंची सून वर आली. चांगली मुलगी आहे, घाई करत नाही. भिंतीजवळ गेली, हात फिरवला, मग वाकून वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, वरच्या खोलीत लांबी यायचीय. ती कोण आणणार होतं?"

मी म्हटलं, मी. दुकान माझ्याच रस्त्यात आहे. आज रविवार, बंद असेल.